रिकाम्या गटाची यशस्वी चाचणी

माझं हिंदी उत्तम आहे, अशी चंडीगडला जाईपर्यंत माझी पक्की समजूत होती. सांगलीच्या शाळेत हिंदीच्या जादा परीक्षा दिलेल्या. पुढे लग्न होऊन फौजी नवऱ्याच्या बदल्यांमागे देशभर हिंडले, तेव्हा गॅसवाल्यापासून मुलीच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांशी हिंदीतूनच भांडले. ज्या भाषेत भांडता येतं ती भाषा आपल्याला येते, असा माझा साधा हिशोब. मुलगी मात्र माझं मराठी ऐकून उत्तर हिंदीत द्यायची आणि वर माझ्या हिंदीला हसायची. "मैं आज बहुत कंटाल गई," असं मी म्हटलं की ती मैत्रिणींना बोलावून मला ते पुन्हा म्हणायला लावायची. मी चिडायचे. मला राग पटकन येतो, हसूही पटकन येतं, आणि दोन्हींपैकी एकही लपवता येत नाही.

नवं शतक सुरू होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही चंडीमंदिरच्या छावणीत राहत होतो आणि मी स्कूटीवरून पंचकुला ओलांडून चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात कामाला जायचे. कंपनी लहान होती. पंजाब-हरियाणातल्या खासगी नर्सिंग होम्समध्ये रक्त-लघवीच्या तपासण्या व्हायच्या, त्यांचे रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर साठायचे. रक्त काढलं अंबाल्यात, डॉक्टर बसलेत पटियाल्यात आणि रिपोर्ट मधल्यामध्ये आमच्याकडे. मालक सरदारजी होते. पूर्वी त्यांचा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा कारखाना होता. बाजार उघडला, बाहेरचा माल आला, तसे ते म्हणाले की आता लोखंडात राम नाही, आणि त्याच शेडमध्ये त्यांनी कॉम्प्युटर आणून बसवले. लोखंडाची सवय मात्र सुटली नव्हती. नवा सर्व्हर आला की ते आधी तो उचलून वजन बघायचे.

त्यामुळे मी व्हर्च्युअल मशीन्सचं खूळ आणलं तेव्हा त्यांची पंचाईत झाली. एका दणकट सर्व्हरच्या पोटात अशी पुष्कळ मशीन्स राहतात. एकाच घरात वेगळ्या चुली मांडलेल्या भावांसारखं असतं ते. छप्पर एक, विजेचा मीटर एक, पण प्रत्येकाला वाटतं आपला संसार स्वतंत्र. सरदारजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैडम जी, इसमें उठाने वाली चीज़ कौन सी है?"

उचलण्यासारखं काहीच नव्हतं, आणि नेमकी हीच गोष्ट मला भुरळ घालत होती. असं मशीन म्हणजे शेवटी एक मोठी फाइल. तिची प्रत दुसऱ्या गावच्या सर्व्हरवर ठेवायची, इथे आग लागली की तिथली प्रत जागी करायची, आणि ते मशीन डोळे चोळत उठून मागच्या पानावरून काम पुढे सुरू करतं. आपण गाव बदललं हे त्याच्या गावीही नसतं. हे ज्या दिवशी मला नीट उमगलं, त्या दिवशी घरी आल्या आल्या मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मशीनला आता जागा लागत नाही. मग माणसाला का लागावी?"

तो बूट सोडत होता. "कुठल्या माणसाला?"

"मला."

त्याला लगेच कळलं. आमच्या घरातलं जुनं दुखणं होतं ते. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले, त्यातल्याच एका क्लासात मी शिकले होते, आणि शिकले ते मला मनापासून आवडलं होतं. पण नवऱ्याची बदली झाली की माझी नोकरी जायची. कुठे शाळेतली लॅब सांभाळली, कुठे हॉस्पिटलचं बिलिंग, कुठे सहकारी बँकेचं नेटवर्क. काम हाताशी येऊन लोक नावाजायला लागले की बदलीचा हुकूम यायचा आणि मी राजीनामा लिहायला बसायचे. त्या दिवशी मी नवऱ्याशी बोलायचे नाही. त्याचा काही दोष नसायचा आणि ते मला माहीत असायचं, म्हणून जास्तच राग यायचा. चंडीमंदिरला आमच्या ओळीत राहणाऱ्या बहुतेक बायकांची हीच कथा होती. कुणी बीएड, कुणी वकील, कुणी एमएस्सी, आणि सगळ्यांच्या पदव्या ट्रंकेच्या तळाशी.

चंडीगडला संधी आली ती एका डॉक्टरीणबाईंमुळे. पटियाल्याच्या या बाई अनेक नर्सिंग होम्स चालवायच्या आणि त्या आमच्या सगळ्यांत मोठ्या ग्राहक होत्या. एकदा शहराची वीज जाऊन आमचा जनरेटरही बसला आणि अर्धा दिवस रिपोर्ट मिळेनात. बाई फोनवर ओरडल्या नाहीत. थंडपणे म्हणाल्या की तुमच्या इथे काहीही झालं तरी माझे रिपोर्ट दुसरीकडून मिळाले पाहिजेत, आणि ते कसे मिळतात हे मी स्वतः येऊन बघणार. दिसलं नाही तर मी दुसरी कंपनी बघते.

सरदारजींनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी म्हटलं, करते, पण माझी एक अट आहे. बाईंसमोर हा दुसरीकडे मशीन्स उठवण्याचा प्लॅन चालला, तर माझ्या नवऱ्याची पुढची बदली जिथे होईल तिथे ही नोकरी माझ्याबरोबर येईल. मी तिथून इंटरनेटच्या तारेवरून काम करीन. हल्ली घरून काम करण्याचं कुणाला नवल वाटत नाही, पण तेव्हा ही मागणी म्हणजे कारखान्यातलं लेथ मशीन घरी न्यायला मागण्यासारखी होती. सरदारजींनी दाढीवरून हात फिरवला.

"बदली कब है?"

"सर्दियों के बाद कभी भी."

"प्लॅन चल गया तो पक्का," ते म्हणाले. "नहीं चला तो डॉक्टर साहिबा भी गईं और आप भी."

दुसरी जागा त्यांनी पिंजौरला शोधली. कालका रस्त्यावर त्यांच्या एका मित्राची फॅक्टरी होती, तिथली एक खोली मिळाली आणि वीज वेगळ्या लाइनवरची होती. मी म्हटलं, आग आणि वीज ठीक आहे, पण भूकंप आला तर चंडीगड आणि पिंजौर बरोबरच हलतील. त्यावर ते म्हणाले, "मैडम जी, इतना बड़ा भूकंप आया तो कोलेस्ट्रॉल की रिपोर्ट कौन मांगेगा?" मी पिंजौरला हो म्हटलं.

पिंजौरच्या खोलीवर एक हरयाणवी गृहस्थ नेमले गेले. पन्नाशीचे, कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन कॉम्प्युटर शिकलेले. त्यांचा मोठा गुण असा की सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच करायचे. मला अशी माणसं फार आवडतात. मी सांगत असताना कुणी मध्ये शंका काढली की माझं डोकं फिरतं, हे पहिल्या आठवड्यातच त्यांच्या लक्षात आलं होतं. आमचं सगळं फोनवर चालायचं. ते "जी मैडम" म्हणायचे आणि काम व्हायचं.

प्लॅन करायचा म्हणजे नुसत्या प्रती ठेवून भागत नाही. मशीन्सचे गट पाडावे लागतात. रिपोर्टसाठी लागणारी मशीन्स एका गटात, बिलांची दुसऱ्या, ईमेलची तिसऱ्या. मग प्रत्येक गटात कुणी आधी उठायचं, कुणी नंतर, मध्ये किती थांबायचं, पिंजौरला उठल्यावर प्रत्येकाचा पत्ता काय, हे सगळं आधी भरून ठेवायचं. नावं आणि पासवर्ड ओळखणारं मशीन पहिलं. मग रिपोर्ट साठवणारं. मग ते शोधून दाखवणारं. क्रम चुकला की उठलेली मशीन्स एकमेकांची वाट बघत बसतात. पिंजौरच्या गृहस्थांना मी फोनवर बदलीच्या सामानाचं उदाहरण दिलं. आमच्याकडे प्रत्येक पेटीवर नंबर असतो आणि नव्या गावी त्या नंबरानेच उघडतात.

"तो पहले चूल्हा, फिर बिस्तर, फिर वर्दी," ते म्हणाले.

"वर्दी पहले. साहब को सुबह ड्यूटी पर जाना है."

"भूखे?"

या मुद्द्यावर आमचा पहिला आणि शेवटचा वाद झाला. तो पुष्कळ वेळ चालला, आणि सर्व्हरच्या खोलीत उभी राहून मी चूल आधी की वर्दी आधी यावर तावातावाने बोलतेय, हे सरदारजी दारातून बघून निमूट परत गेले.

रंगीत तालमी आम्ही किती केल्या त्याला गणती नाही. चाचणीची सोय चांगली होती. चंडीगडची खरी मशीन्स आपल्या जागी चालूच राहायची आणि पिंजौरला त्यांच्या प्रती वेगळ्या जाळ्यात उठायच्या. आपण बघायचं, तपासायचं आणि प्रती पुन्हा झोपवायच्या. सुरुवातीला एकही धड उठत नव्हती. मग एक उठायची आणि दुसरी आडवी व्हायची. हळूहळू बसत गेलं आणि बाई यायच्या आदल्या दिवशी रिपोर्टचा गट पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनबोभाट उठला. मी खुशीत घरी गेले. बटाटेवडे तळले. त्या नादात पिंजौरच्या प्रती झोपवायच्या राहून गेल्या.

सकाळी ऑफिसात आल्यावर ते लक्षात आलं. तालमीत उठवलेली मशीन्स तिकडे अजून चालूच होती. ती खाली आणल्याशिवाय बाईंसमोर नवी चाचणी सुरू करता येणार नव्हती. बाई कधीही पोचतील म्हणून मी घाईने पिंजौरला फोन लावला.

"वो रिपोर्ट वाला ग्रुप खाली कर दो."

पलीकडे ते जरा घुटमळले. "खाली, मैडम?"

"हां, खाली."

"पूरा खाली?"

मी वैतागले. "हां, पूरा. डॉक्टर मैडम के आने से पहले एक भी मशीन ऊपर नहीं रहनी चाहिए."

"जी मैडम."

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "कर दिया मैडम. पूरा खाली." मी त्यांना शाबासकी दिली. पडद्यावर बघितलं तर पिंजौरला एकही मशीन चालू नव्हतं. मला हवं होतं तसंच.

बाई आल्या. फिक्या रंगाचा साधा सलवार-कुर्ता, खांद्यावर जड पर्स, बोलणं मोजकं. सरदारजींनी त्यांना माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले. त्यांनी लाडू आधीच आणून ठेवले होते, खोके कपाटावर दिसत होते. मी बाईंना सांगितलं की समजा आत्ता ही इमारत बंद पडली, तर हे एक बटण दाबायचं, आणि पुढचं सगळं पिंजौरला आपोआप होतं. तासभर तरी लागेल. त्या म्हणाल्या, "दबाइए."

मी दाबलं. पायऱ्या एकामागून एक हिरव्या होत गेल्या. पहिली, दुसरी, तिसरी. मी पाण्याचा ग्लास उचलून तोंडाला लावेपर्यंत शेवटची पायरी हिरवी झाली आणि प्लॅन यशस्वी, चुका शून्य असं झळकलं.

"आप तो एक घंटा कह रही थीं," बाई म्हणाल्या.

सरदारजींनी टाळी वाजवली आणि ते कपाटाकडे वळले. मला कळत होतं की काहीतरी गडबड आहे. पण खरं सांगायचं तर क्षणभर मला वाटलं, आपण एवढी मेहनत घेतली, झालं असेल चटकन. स्वतःच्या कौतुकावर विश्वास ठेवायला माणसाला वेळ लागत नाही.

"बढ़िया," बाई म्हणाल्या. "तो पिंजौर से मेरे एक मरीज़ की रिपोर्ट खोलिए."

मी उघडायला गेले. रिपोर्ट नाही. दुसऱ्या रुग्णाचा बघितला. तोही नाही. रिपोर्टचं मशीनच नाही. मी गट उघडून बघितला. आत कुणीच नव्हतं. इतक्या आठवड्यांत भरलेली नावं, क्रम, पत्ते, काही नाही. प्लॅनने रिकामा गट इमानेइतबारे पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत उठवला होता. उठायला कुणी नसल्यामुळे चूकही कुणाची झाली नव्हती.

मी फोनचा स्पीकर दाबून पिंजौर लावलं. "ग्रुप में से मशीनें कहां गईं?"

"जी, बंद करके निकाल दीं," ते शांतपणे म्हणाले. "आप ही ने तो खाली करवाया. मैंने दो बार पूछा था, मैडम."

खरंच विचारलं होतं. मी डोळे मिटले. शाळेतल्या हिंदीच्या बाई, जादा परीक्षांची प्रमाणपत्रं, मैत्रिणींना हाका मारणारी माझी मुलगी, सगळे एकदम समोर आले. मी त्यांना मशीन्स खाली आणा म्हणाले होते, मराठीतून. त्यांनी गट रिकामा केला होता, हिंदीतून. आम्ही दोघंही बरोबर होतो. आणि मला हसू फुटलं. रडू यायला हवं होतं, नोकरी हातातून चालली होती, पण पोटातून जे वर आलं ते हसूच होतं. सरदारजी हातात लाडवांचं खोकं घेऊन माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा बघून मला आणखी हसू आलं.

बाईंनी विचारलं, "हुआ क्या?"

मी डोळे पुसत सांगितलं. आमच्या भाषेत खाली म्हणजे नीचे. मी म्हटलं खाली करा, यांनी रिकामं केलं. तुम्ही आत्ता जे पाहिलंत ते काहीही नसलेल्या गटाचं पुनरुज्जीवन होतं, आणि ते मात्र पूर्ण यशस्वी झालं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. "लंच के बाद फिर देखूंगी. उसके बाद मुझे पटियाला निकलना है."

सरदारजी त्यांना जेवायला घेऊन गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला फौजेत कोर्ट मार्शलला नेताना कसं वाटत असेल ते कळलं. हसू संपलं आणि भीती बसली. जेवण उरकून त्या परत येईपर्यंत गट पुन्हा भरला नाही, तर पुढच्या गावी मी पुन्हा कुणाच्या तरी दारात अर्ज घेऊन उभी राहणार होते.

एक गोष्ट सुदैवाची होती. प्रती करणारी यंत्रणा वेगळी होती, त्यामुळे मशीन्सच्या प्रती पिंजौरला जशाच्या तशा होत्या. गेलं होतं ते फक्त कुणी कधी उठायचं आणि कुठल्या पत्त्यावर बसायचं एवढंच. ते सारं मी इतक्या वेळा भरलं आणि खोडलं होतं की आता ते बोटांत बसलं होतं. मी फोनवर सांगत गेले, पिंजौरचे गृहस्थ तिकडे भरत गेले. सुरुवातीलाच मी म्हटलं, "आज से खाली शब्द बंद. चालू और बंद, बस ये दो ही शब्द."

"जी. और मैडम, मैं बीच में पूछूं तो?"

"पूछिए," मी म्हटलं. "जितना चाहे पूछिए."

त्यांनी मग मागचं सगळं उट्टं काढलं. प्रत्येक ओळीला एक प्रश्न. हे मशीन चालू म्हणजे आत्ता चालू, की प्लॅन चालेल तेव्हा चालू? थांबायचं म्हणजे आधीचं उठल्यावर थांबायचं, की आधीच्याला हाक मारल्यावर? मी जीभ चावून प्रत्येकाचं उत्तर दिलं. त्यातला एक प्रश्न असा होता की तालमीतही माझ्या डोक्यात आला नव्हता, आणि त्यासाठी मला एक पायरी पुढे सरकवावी लागली. राग गिळणं मला किती जड जातं हे ज्यांनी मला पाहिलंय त्यांनाच कळेल.

बाहेर सरदारजींनी वेळ काढायची शर्थ चालवली होती. जेवण झाल्यावर त्यांनी बाईंना नवा जनरेटर दाखवला. मग तो चालू करून दाखवला. मग बंद करून दाखवला. तिसऱ्यांदा ते तिकडे वळले तेव्हा बाई म्हणाल्या की जनरेटरशी माझी आता चांगली ओळख झालीय.

मी दुसऱ्यांदा बटण दाबलं. या वेळी पहिली पायरी हिरवी व्हायलाच इतका वेळ लागला की बाईंनी पर्समधून जाड मेडिकल जर्नल काढून वाचायला घेतलं. तो उशीर मला फार गोड वाटला. पहिलं मशीन उठलं. दुसरं, रिपोर्ट साठवणारं, कुरकुरत उठायला लागलं. ते पुरतं उठायच्या आत तिसरं जागं झालं, त्याला दुसरं सापडेना, आणि ते लाल होऊन थांबलं. मधली उसंत मी कमी ठेवली होती. सरदारजींचा श्वास मला मानेवर जाणवत होता. मी फोनवर म्हटलं, "तीसरा बंद करके फिर से चालू." पलीकडून लगेच उत्तर आलं, "दूसरा पूरा चालू हो जाए, तब?" मी म्हटलं, "हां. तब." थांबलो. मग तिसरं हिरवं झालं.

बाईंनी एका रुग्णाचं नाव सांगितलं. त्याच सकाळी पटियाल्यात दाखल झालेले एक म्हातारे गृहस्थ. मी नाव टाकलं आणि पिंजौरहून रिपोर्ट उघडला, सकाळचाच. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, आता काय म्हणतात म्हणून. चष्मा लावून त्या पडद्याजवळ सरकल्या, एका आकड्यावर बोट ठेवलं आणि पर्समधून मोबाइल काढून थेट पंजाबीत कुणाला तरी फैलावर घ्यायला लागल्या. पोटॅशियम एवढं वाढलंय आणि अजून कुणी बघितलं कसं नाही, कुठली ड्रिप चालू आहे, ती आत्ताच्या आत्ता बदला, मी लाइनवर थांबते. त्या थांबल्या. तिकडून झालं असं कळल्यावर त्यांनी फोन ठेवला, चष्मा काढला आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हां जी, तो कब दिखा रहे हैं?"

सरदारजी हळूच म्हणाले, "जी, आपने अभी देख लिया."

बाईंनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आत्ता कुठे त्या हसल्या. लाडू खाल्ला, एक पर्समध्ये टाकला. दारापर्यंत गेल्यावर मागे वळून मला म्हणाल्या, "मराठी में भरे हुए को क्या कहते हैं?"

"भरलेलं."

"वही वाला ग्रुप रखना," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

सरदारजींनी शब्द पाळला. लॅपटॉप आला, त्याला जोडायचं इंटरनेटचं कार्ड आलं, आणि घरून सर्व्हरवर कसं शिरायचं याची व्यवस्था मी स्वतःच लावली. ही बातमी आमच्या ओळीत पसरली तशा संध्याकाळी बायका चहाला यायला लागल्या. नक्की काय म्हणून पटवलंस, लेखी घेतलंस का, माझ्या विषयात असं होईल का. मी मोठ्या तोऱ्यात सल्ले द्यायचे. सांगलीला आईला फोन करून मी सांगितलं की आता बदली कुठेही होऊ दे, मला फरक पडत नाही. नवऱ्यालाही येता-जाता ऐकवत होते. तो म्हणायचा, "अगं, हो, कळलं."

मग बदली आली. रविवारची दुपार होती, आम्ही अंगणात उन्हाला बसून किन्नू, म्हणजे तिकडची संत्री, सोलत होतो. त्याने सोललेल्या फोडी माझ्या ताटलीत ठेवल्या आणि म्हणाला, "ऑर्डर आलीय. फील्ड."

फील्ड म्हणजे सीमेवरची नेमणूक. तिथे कुटुंब नेता येत नाही.

"तुम्ही दोघी इथेच राहायचं," तो म्हणाला. "क्वार्टर ठेवता येईल. शाळा बदलायला नको, आणि तुझ्या नोकरीला तर कसलाच धक्का नाही." तो हे आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगत होता. मीही "अरे वा" म्हटलं.

सोमवारी सरदारजींना सांगितलं तर त्यांनी वर हात जोडले. "रब ने सुन ली, मैडम जी. आपने कहीं जाना ही नहीं." खरंच होतं. तीच खुर्ची, तोच रस्ता, तेच पिंजौर. मी जे मागितलं होतं त्याच्याहून जास्तच मिळालं होतं. मी दिवसभर काम केलं, दोन फोन रागाने आपटले, आणि परत येताना पंचकुल्याच्या सिग्नलला हेल्मेटच्या आत रडले. इतकी वर्षं प्रत्येक बदलीला राजीनामा लिहिताना मी या माणसावर धुमसत होते. आता कुणी म्हटलं असतं की राजीनामा दे आणि जा त्याच्याबरोबर, तर मी तिथल्या तिथे स्कूटी वळवली असती.

घरी आले तर स्वयंपाकघरात नवरा मुलीला गॅसचा सिलिंडर कसा बदलायचा ते शिकवत होता. ती त्याला हिंदीत सांगत होती की तुम्ही उलट फिरवताय. मी दारात उभी राहिले. मला काही लपवता येत नाही, त्यामुळे त्याला चेहरा बघूनच कळलं.

"मला तुमच्याबरोबर यायचंय," मी म्हटलं.

तो हसला. "अगं, तिथे नेटवर्क नाही."

"नसू दे," मी म्हटलं.